निरोपाआधीचे पाच महिने

आषाढ महिना होता. बाबांचे डोळे पिवळे दिसू लागले म्हणून आम्ही त्यांना कराडच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. साधी कावीळ असेल, चार दिवस तेलतूप बंद, उसाचा रस आणि विश्रांती, एवढेच सगळ्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात आधी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग पुण्यातील मोठे रुग्णालय आणि तेथे बायोप्सी, असा पंधरा दिवसांचा प्रवास झाला आणि निदान हाती आले. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोहोचलेला. बाबांचे वय त्या वेळी ७६ होते. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. पित्तनलिकेत लहान नळी बसवून कावीळ उतरवता येईल, केमोथेरपीने कदाचित थोडा काळ वाढेल, पण या प्रकृतीला ती झेपेलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हे त्यांनी सांगितले ते मोठ्या भावाला आणि मला, केबिनमध्ये. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, पाण्याची बाटली हातात धरून.

दार उघडण्यापूर्वी दादा हळूच म्हणाला, "बाबांना यातलं काही कळता कामा नये." मी मान डोलावली. त्या पाच महिन्यांत आमच्या हातून लहानमोठ्या अनेक चुका झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी चूक त्या दारातच झाली होती.

आजार बरा होणार नाही, असे कळल्यावर घराने काय करायचे असते, याचे शिक्षण आपल्याला कोणी देत नाही. आम्ही ते ठेचा खात शिकलो. ज्यांच्या घरी आज असे आजारपण आहे, किंवा ज्यांना स्वतःच्या उतारवयाचा विचार करताना हा प्रश्न पडतो, त्यांच्या काही ठेचा वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

मौनाचे तीन आठवडे

तपासण्यांची फाइल आम्ही कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. भेटायला येणाऱ्यांना दारातच बजावू लागलो, "आजाराचं नाव काढू नका." आई न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि डोळे पुसून हसत बाहेर यायची. "कावीळ उतरली की बरं वाटेल," हे वाक्य आम्ही सर्वांनी पाठ केले होते. बाबा ऐकून घेत. हळूहळू त्यांनी प्रश्न विचारणे बंद केले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. एका रात्री तीनच्या सुमारास मी त्यांना पाणी द्यायला उठले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पस्तीस वर्षं स्टँडवर बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या. गाडी उशिरा असली तरी सांगायचो, रद्द झाली तरी सांगायचो. माणूस चिडतो, पण मग आपली पुढची सोय तरी बघतो. माझ्या गाडीचं मात्र मला कोणी काही सांगेना."

त्यांना सगळे कळले होते. बहुतेक रुग्णांना ते कळतेच. आपले शरीर त्यांना सांगते, घरच्यांचे चेहरे सांगतात, दार लावून केलेले फोन सांगतात. आपण मौन पाळतो ते त्यांना जपण्यासाठी, आणि त्यामुळे नेमक्या ज्या वेळी सोबतीची गरज असते त्या वेळी ते एकटे पडतात. भीती बोलून दाखवायची सोय राहत नाही. कोणाची क्षमा मागायची असेल, कोणाला काही सांगायचे असेल, तर तेही राहून जाते.

याचा अर्थ सत्य एकदम अंगावर फेकावे, असा नाही. आमच्या डॉक्टरांनी पुढे जी रीत अवलंबिली ती कोणत्याही घराला उपयोगी पडेल. त्यांनी प्रथम विचारले, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं?" मग विचारले, "तुम्हाला सगळं जाणून घ्यायचं आहे का, की मुलांशी बोलू?" काही रुग्ण खरोखरच म्हणतात, मला तपशील नकोत, तुम्हीच बघा. तोही त्यांचा अधिकार आहे आणि तो मानला पाहिजे. मात्र तो निर्णय त्यांनी घ्यायचा असतो, आपण परस्पर घ्यायचा नसतो. नेमके दिवस किंवा महिने मोजून सांगण्याचा आग्रह धरू नये, कारण तसा अंदाज अनेकदा चुकतो. आणि "आता काही करण्यासारखं नाही," हे वाक्य कोणीही कधीही उच्चारू नये, कारण ते खरे नाही.

बाबांनी दोनच प्रश्न विचारले. "किती दिवस?" आणि "फार दुखेल का?" पहिल्याला डॉक्टर म्हणाले, "काही महिने. वर्ष काढणं अवघड आहे." दुसऱ्याला म्हणाले, "दुखणं आटोक्यात ठेवता येतं. ते माझं काम."

त्या संध्याकाळी बाबांनी जुनी वही मागवली आणि यादी लिहायला घेतली. बँकेच्या ठेवी, घरपट्टी, एका मित्राकडून घेतलेली आणि परत करायची राहिलेली रक्कम, इस्लामपूरच्या बहिणीची भेट. शेवटची ओळ होती: दवाखान्यात नको, घरीच. केमोथेरपी घ्यायची नाही, हेही त्यांनीच ठरवले. दादाने तोवर प्लॉट विकून पैसे उभे करण्याची बोलणी सुरू केली होती. बाबांनी हार मानली, असे त्याला वाटले. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. केमोथेरपी प्रत्येक वेळी निरुपयोगी असते असे मुळीच नाही, काही रुग्णांचा त्रासही तिने कमी होतो. म्हणून डॉक्टरांशी नीट चर्चा केल्यावाचून कोणताही उपचार थांबवू नये. पण चर्चेत रुग्ण हवा. आमच्या घरात तोवर बाबांच्या शरीराविषयीची चर्चा बाबांना वगळून चालली होती.

वेदना सोसण्यात पुण्य नाही

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे दुखणे पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत जाते. उताणे झोपले की वाढते, पुढे वाकून बसले की थोडे कमी होते. बाबा रात्र रात्र उशी पोटाशी धरून ओणवे बसत आणि आम्हाला वाटे, या आजारात हे चालायचेच. ही समजूत चुकीची होती. कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या वेदना औषधांनी चांगल्या आटोक्यात आणता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यांनी भागले नाही तर त्याहून प्रभावी औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फीन.

मॉर्फीनचे नाव निघताच आई घाबरली. "अफूचं औषध ते! सवय लागेल. आणि ते दिलं म्हणजे सगळं संपलंच ना?" ही भीती घराघरांत असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर सांगते. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागण्याचा संभव फार कमी असतो. ते अखेरच्या घटकेचे औषध नाही, वेदना तीव्र असेल तर कितीतरी आधीपासून ते देतात. योग्य मात्रेत दिल्याने आयुष्य घटत नाही. उलट झोप लागते, माणूस चार शब्द बोलू शकतो. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ जाणवते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यायची असते. दुखू लागेपर्यंत थांबायचे नसते, कारण वेदना एकदा चढली की उतरवणे कठीण जाते. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये आणि औषध एकाएकी बंदही करू नये. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि दिलेल्या प्रत्येक गोळीची नोंद करावी.

आपला देश औषधांसाठी अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे, तरीही आपल्याच रुग्णांना मॉर्फीन मिळणे वर्षानुवर्षे दुरापास्त होते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कडक परवान्यांमुळे रुग्णालये ते ठेवायलाच धजत नसत. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सुकर झाली. त्यामागे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या 'पॅलियम इंडिया'सारख्या संस्थांचे दीर्घ प्रयत्न होते. आजही प्रत्येक औषध दुकानात मॉर्फीन मिळत नाही. ते मान्यताप्राप्त केंद्रांतून घ्यावे लागते, त्यामुळे साठा संपण्याच्या आधीच पुढची तजवीज करावी.

मॉर्फीन सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री बाबा आडवे होऊन सलग पाच तास झोपले. आई त्यांच्या उशाशी जागीच होती, पण ते जागरण निराळे होते.

उपशामक सेवा म्हणजे काय?

ही औषधे आम्हाला मिळाली ती पुण्यातील उपशामक सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडून. तेथे जायला आम्ही उशीर केला, कारण ही सेवा म्हणजे शेवटचे चार दिवस काढण्याची जागा, असा आमचा समज होता. वास्तविक गंभीर आजाराचे निदान होताच, मूळ उपचारांच्या जोडीने ती सुरू करता येते. या विचाराचा पाया घातला तो इंग्लंडच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. त्यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची भीती, घराची काळजी आणि 'माझ्या आयुष्याला काय अर्थ होता' हा प्रश्नही मिसळलेला असतो, असे त्या सांगत. म्हणून या सेवेत डॉक्टरांबरोबर परिचारिका, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्तेही असतात.

भारतातील पहिले हॉस्पिस आपल्या मुंबईत, वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झाले. ते म्हणजे शांती अवेदना सदन. त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून काम करते. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे आणि घरी जाऊन रुग्ण पाहण्याची सोयही आहे. लहान गावांतील कुटुंबांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, कारण उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून अस्तित्वात आहे. आमच्याबाबतीत पुण्याचे डॉक्टर फोनवरून सांगत आणि कराडचे डॉक्टर घरी येऊन पाहत. या दोघांची गाठ घालून देणे, हे घरच्यांचे काम आहे.

दोन घासांचा आग्रह

आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते. बाबांची भूक गेली तेव्हा आईला तो स्वतःचाच पराभव वाटला. "अहो, दोन घास तरी खा. माझ्यासाठी खा." बाबा तिच्यासाठी खात आणि अर्ध्या तासाने उलटी करत. मग दोघांचेही डोळे भरून येत.

डॉक्टरांनी आईला शेजारी बसवून समजावले. आजार वाढतो तसे शरीर अन्न वापरू शकत नाही, त्यामुळे भूक आपोआप मावळते. या अवस्थेत बळेच भरवल्याने ताकद येत नाही, उलट पोट फुगते, मळमळ वाढते, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेव्हापासून ताट गेले आणि वाटी आली. दोन चमचे मऊ भात आणि मेतकूट, कधी भाताची पेज, कधी लिंबाच्या सरबताचा बर्फाचा खडा. केव्हाही, जे मागतील ते, आणि "नको" म्हटले की वाटी बाजूला. स्वादुपिंडाच्या आजारात अन्न पचवणारे पाचकरस कमी पडतात, त्यासाठी खाण्याबरोबर घ्यायच्या कॅप्सूल मिळतात, त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. तोंड सतत कोरडे पडते. मऊ ओल्या कापडाने ते दिवसातून अनेकदा पुसणे आणि ओठांना मलम लावणे, हे काम आईने स्वतःकडे ठेवले. भरवण्याची जागा त्या सेवेने घेतली.

ड्युटी चार्ट

भाद्रपदात गणपती बसले तोवर बाबा बहुतेक वेळ अंथरुणातच असत. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे यांवर जखमा होतात, ज्यांना बेडसोअर म्हणतात. हवेची गादी आणि डोक्याकडून उचलता येणारी खाट भाड्याने मिळते. चादर कोरडी आणि सुरकुत्यांवाचून असावी. टाचा गादीवर टेकू नयेत, म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी. रोज अंग पुसताना त्वचा लाल झालेली जागा दिसली तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

ही सेवा करणाऱ्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. आई ७१ वर्षांची. रक्तदाबाची गोळी घ्यायला ती चार दिवस विसरली आणि ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. बाबांनी त्याच दुपारी वही मागितली आणि थरथरत्या अक्षरात आमचा ड्युटी चार्ट आखला. रात्री दहा ते दोन दादा, दोन ते सहा मी, सकाळी वहिनी, दुपारी नातू. आईच्या नावापुढे लिहिले होते: रात्रपाळी नाही. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी.

प्रत्येक घरात असा तक्ता हवा. शेजारीपाजारी "काही लागलं तर सांगा" म्हणतात, तेव्हा संकोच न करता नेमके काम सांगावे: औषधे आणा, संध्याकाळी तासभर बसा, एक वेळचा डबा द्या. काळजीवाहूची झोप, औषधे आणि रोजचा थोडा वेळ बाहेर जाणे, हा रुग्णसेवेचाच भाग आहे. मन फार खचले तर शासनाच्या 'टेली-मानस' या १४४१६ क्रमांकावर निःशुल्क बोलता येते. चिडचिड होते, कधी "सुटू दे आता" असा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. थकलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात हे येते. त्याने प्रेम कमी ठरत नाही.

कागद आणि इच्छा

हा विषय काढणे अशुभ वाटते, म्हणून तो राहतो आणि मागाहून कुटुंबे तुटतात. खात्यांचे वारस, ठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रे रुग्णाला शुद्ध असतानाच पाहावीत. मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते. त्यावर करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. नोंदणी बंधनकारक नसते.

अखेरच्या उपचारांविषयीची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असे वैद्यकीय इच्छापत्र वैध ठरवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, त्यांची नावेही त्यात लिहावी लागतात. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वासोच्छ्वासासारखे उपाय नकोत, एवढेच हे पत्र सांगते. औषध देऊन आयुष्य संपवण्याला कायद्याने परवानगी नाही, आणि या पत्राचा त्याच्याशी संबंधही नाही. धडधाकट असतानाच ते करणे उत्तम. बाबांनी आपल्या पत्रात आईचे आणि दादाचे नाव घातले. दादाचे नाव त्यांनी मुद्दाम घातले, असे मला वाटते.

शेवटची रात्र

मार्गशीर्ष लागला. बाबा दिवसाचा बराच वेळ झोपून असत, हाक मारली तर डोळे उघडत. पाण्याचा घोटही नको म्हणत. गोळी गिळता येईना तेव्हा डॉक्टरांनी औषध त्वचेखालून देण्याची व्यवस्था केली. पुढे काय काय होईल, हे त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले होते. हातपाय गार पडतील, लघवी कमी होईल, श्वासाची लय बदलेल, मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर ऐकू येईल. ही घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, पण त्या अवस्थेतील रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवल्याने ती कमी होते.

एवढे ठाऊक असूनही त्या रात्री श्वास अडखळला तेव्हा दादाने रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन उचलला. त्याचे हात कापत होते. आई खाटेवरूनच म्हणाली, "अरे, त्यांनी काय लिहून दिलंय?" दादा क्षणभर उभा राहिला. मग त्याने फोन खाली ठेवला, खाटेपाशी बसला आणि बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, मी आहे इथे," एवढेच तो म्हणत राहिला. डोळे मिटलेल्या माणसालाही ऐकू येत असावे, असे डॉक्टर सांगतात. म्हणून त्याच्या खोलीत हलक्या आवाजात, नेहमीचेच बोलावे. आम्ही तसेच बोललो. पहाटे साडेपाचला, आई शेजारी असताना, बाबांचा श्वास थांबला.

घरी मृत्यू झाल्यावर धावपळ करायची नसते. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांना कळवावे. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र ते देतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. डॉक्टरांचा क्रमांक, आधार कार्ड आणि आजाराची कागदपत्रे एका पिशवीत आधीच ठेवलेली बरी.

आता दोन वर्षे झाली. मागच्या महिन्यात दादाच्या मित्राच्या आईला असेच निदान झाले. मित्राने दादाला फोन करून विचारले, रुग्णालय कोणते चांगले, खर्च किती येईल, परदेशात काही नवे औषध आले आहे का. दादाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "डॉक्टर बोलत होते तेव्हा तुझी आई कुठे होती?"

"बाहेर बसवलं होतं तिला. बाकावर."

"मग पुढच्या वेळी तिला आत ने," दादा म्हणाला. "आत यायचं की नाही, ते आधी तिलाच विचार. बाकीचं आपण नंतर बोलू."